सहा चाकं आणि मधला दरवाजा

आजही कुणी माझ्या हातात कंपास दिला की माझं डोकं सणकतं. बांधकाम खात्यात जन्म गेला. पूल काढले, विश्रामगृहं काढली, त्याचं काही नाही. पण एका रांगेत तीन गोल काढायची वेळ आली की मला अमरावतीची ती खोली आठवते, रविवारची दुपार आठवते आणि खिडकीच्या गजांतून आत आलेलं ते नाक आठवतं. नाकामागून आवाज यायचा, "अबे ओव्हरसीअर, झोपून राहिला काय? मधलं चाक दोन इंच मांगं घे."

मी ओव्हरसीअर नव्हतो. साधा ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा, होतो, अकोल्याहून नोकरीसाठी आलेला, आणि ओव्हरसीअरच्या परीक्षेची तयारी करत होतो. हे मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. त्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झालो त्याचं कारणही तेच होते, पण ते मान्य करतील तर शपथ. "तू नापास झाला कारण तू अकोल्याचा हायस," असं त्यांनी मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं. "अकोल्याचा माणूस काटकोन काढते, पण मनातून नाई काढत."

मालक म्हणजे माझे घरमालक. पन्नाशीचे, बुटके, बारा महिने खाकी हाफपँट आणि वर सैन्यातली लोकरी जर्सी. वैशाखात अमरावतीचे कावळे सावली सोडत नाहीत, तेव्हाही जर्सी. उकडत नाही का, असं विचारलं की म्हणायचे, "वायवंटात उकडते. हे काय उकडणं हाय?" मोठ्या लढाईत ते सैन्याच्या वर्कशॉपात फिटर होते. आफ्रिकेच्या वाळवंटात तीन वर्षं काढून परत आले आणि घराच्या पुढच्या बाजूला पिठाची गिरणी टाकून बसले. गिरणी बरी चालायची. बायामाणसं डोक्यावर डबे घेऊन रांगेत उभी असायची, आणि मालक जात्याचा पट्टा सोडून भिंतीवर कोळशाने गाडी काढत असायचे. पीठ कधी रव्यासारखं निघायचं, कधी त्यात कोळसा सापडायचा. तक्रार केली की ते त्या बाईलाच गाडी समजावून सांगायला लागायचे. त्यामुळे कुणी तक्रार करत नसे.

ती गाडी म्हणजे सहा चाकांची चिलखती गाडी. आपल्या साध्या मोटारीत इंजिन मागची दोन चाकं फिरवतं, पुढची नुसती सोबत जातात. मागची दोन चिखलात रुतली की खेळ आटोपला. मालकांचं म्हणणं असं की सहाही चाकांनी ओढलं पाहिजे, आणि सगळी एकाच वेगाने, एकमेकांना बांधल्यासारखी फिरली पाहिजेत. दोन चाकं गोळी लागून फुटली तरी उरलेल्या चारांनी आतल्या माणसांना बाहेर काढलं पाहिजे. "आन् जी गाडी आपल्या कायी मातीत आषाढात चालली, थे दुनियेत कुठी बी चालन," हे ते दिवसातून तीनदा म्हणायचे. एकदा मी मोजलं होतं.

गावात त्यांना 'रणगाडेवाले' म्हणत. ते ज्याला त्याला थांबवून दुरुस्त करायचे. "रणगाड्याले लोखंडाचे पट्टे असतात. माही चिलखती गाडी हाय. तिले चाकं हायेत." पोस्टमनला हे सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना शेजारच्या गृहस्थांना एवढ्या मोठ्याने सांगितलं की भटजी थांबले. मला वाटलं, आता तरी शरमतील. त्यांनी भटजींनाही सांगितलं.

पण चाकं परवडली. खरा जाच होता दरवाजांचा. कुठल्याही घरात गेले की मालक आधी विचारायचे, "दुसरा दरवाजा कुठी हाय?" एस.टी.त बसले तर दाराजवळच, मग भले अख्खी गाडी रिकामी असो. स्वतःच्या घराचे सगळे दरवाजे त्यांनी बिजागऱ्या बदलून बाहेरच्या बाजूला उघडणारे केले होते. ढकलून पळता आलं पाहिजे, ओढत बसायचं काम नको, असा त्यातला विचार. त्या विचारापायी दारावर येणाऱ्या माणसाच्या कपाळाला टेंगूळ यायचं. मी राहायला आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात कचेरीतून परत येतो तो माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला भगदाड. मालक घमेल्यात विटा भरत होते. "एक दरवाजा असलेल्या खोलीत माणूस ठेवाचा म्हणजे पाप हाय," म्हणाले. दुसरा दरवाजा बसला. तो उघडायचा म्हशीच्या गोठ्यात. पुढची पाच वर्षं मी त्रिकोणमिती केली ती म्हशीच्या श्वासाखाली.

काकू, म्हणजे मालकांची बायको, शांत होत्या असं म्हणता येणार नाही. मूलबाळ नव्हतं. घर, म्हैस, गिरणीची रांग आणि बडनेऱ्याच्या रस्त्यालगतचं थोडंसं वावर त्या एकट्याने सांभाळायच्या. त्या वावरातच टिनाच्या शेडमध्ये ती गाडी राहायची. लढाई संपल्यावर सैन्याच्या जुन्या ट्रका विकल्या गेल्या होत्या. त्यातली एक सहा चाकांची, मेळघाटातली लाकडं ओढून ओढून मोडलेली, मालकांनी मिळवली होती. तिचं वरचं सगळं उतरवून त्यांनी डांबराच्या पिंपांचे पत्रे ठोकून बसवले. हे खरं चिलखत नव्हे, नुसतं माप, असं ते सांगायचे. पेरणी झाली आणि पाऊस लागला की मालकांच्या चाचणीला तोंड फुटायचं. माती चांगली लोण्यासारखी झाली की ते गाडी शेडमधून काढायचे आणि सरळ कपाशीत घालायचे.

"अवो, सरकी टोबली हाय तठी!" काकू धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, ओरडायच्या.

"चिखल तठीच चांगला हाय!" मालक आतून ओरडायचे.

"यंदा मंग चाकंच येचाले या सगळे!" असं म्हणून त्या तोंडावर पदर घेऊन बसून राहायच्या. काकूंनी त्या गाडीला कधी हात लावला नाही. सवत घरात आणली असती तर निदान भाकरी तरी थापली असती, असं त्या मला एकदा म्हणाल्या.

आता नकाशांचं सांगतो. माझी सगळी जवानी ज्यात गेली ती भानगड अशी होती की पुढची चाकं आणि मधली चाकं यांच्यामध्ये मालकांना एक दरवाजा हवा होता. गाडीच्या बगलेला, चालवणाऱ्याच्या अगदी हाताशी. दरवाजा मोठा करायचा तर मधलं चाक मागे सरकवावं लागे. चाक मागे सरकलं की पुढच्या आणि मधल्या चाकात अंतर पडे, आणि धुरा ओलांडताना गाडीचं पोट धुऱ्यावर टेकून सहाही चाकं हवेत फिरत राहत. चाक पुढे आणलं तर गाडी धुरा ओलांडी, पण दरवाजातून माणूस निघत नसे. दोन इंच मागे, दोन इंच पुढे. प्रत्येक वेळी नवा कागद, नवे गोल, नवे दांडे. मी म्हणायचो, "मालक, दरवाजा वरती द्या ना, झाकणासारखा. सगळे देतात."

"सगळे देतात," ते म्हणायचे, आणि असं बघायचे की जणू मी त्यांच्या म्हशीला काठी मारली.

शिवाय दर रविवारी मला शेडमध्ये नेऊन चालवणाऱ्याच्या जागेवर बसवायचे आणि एकदम ओरडायचे, "निंघ!" मी त्या दरवाजातून बाहेर पडायचं आणि ते आकडे मोजायचे. माझे अकरा व्हायचे. त्यांना पाचाच्या आत हवे होते. माझे गुडघे सोलवटले, दोन पायजमे फाटले. एकदा मी आठावर आलो तर म्हणाले, "मेला तू." मी म्हटलं, मेलो तर बरं होईल, निदान परीक्षा तरी चुकेल.

दिल्लीला संरक्षण खात्याकडे किती पत्रं गेली असतील सांगता येत नाही. प्रत्येकासोबत माझा ताजा नकाशा. उलट टपाली पोचल्याचं छापील कार्ड यायचं. मालक ते गिरणीत खिळ्याला टोचून ठेवायचे आणि म्हणायचे, "विचार करून राहिले."

माझ्यासाठी अकोल्यात एक मुलगी सांगून आली तेव्हा माझी आई आजारी होती आणि वडील नव्हते. कुणीतरी वडीलधारं सोबत हवं म्हणून मी मालकांना विनवलं. ही माझी स्वतःची चूक. जर्सी मात्र मी उतरवून घेतली. मुलीकडचं घर ताजनापेठेच्या बाजूला, चिंचोळं, लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखं. पोहे आले. मुलगी आली. मुलगी मला आवडली, हे आता सांगायला हरकत नाही. तिच्या वडिलांनी मालकांना विचारलं, "काही विचारायचं असेल तर विचारा मुलीला."

मालकांनी मुलीकडे पाहिलंच नाही. ते मघापासून मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत होते. "मांगं दरवाजा नाई काय तुमच्या घराले?"

"नाही. मागे भिंत आहे, शेजाऱ्यांची."

"मंग आग लागली तं हे पोरगी कुठून निंघन?"

मुलीची आई आत निघून गेली. वडील म्हणाले, शुभकार्याला आलात आणि असं अभद्र बोलता? मालक उठून स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवर मूठ मारून बघू लागले की फोडायला किती जड जाईल. तिथे ते स्थळ संपलं.

परतीच्या एस.टी.त ते दाराजवळ बसले. मी मागच्या बाकावर बसणार होतो, पण मूर्तिजापूर येईतो माझा राग गळ्याशी आला आणि मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "तुम्ही माझं वाटोळं केलंत. त्या दरवाजाचं एवढं काय आहे ते आज मला कळलं पाहिजे, नाहीतर मी उद्या खोली सोडतो."

ते नेहमीच्याच आवाजात, चाक मागे घ्यायला सांगावं तसं, म्हणाले, "गोयीनं मेले असते तं म्या काई म्हटलं नसतं. लढाईच होती थे. पण गाडी पेटे तवा माणसं जिती राहत. वरतं झाकण होतं, पण वरतं गोया चालून राहिल्या. बाजूले चाकं. मांगं इंजिन. कुठून निंघन माणूस? आम्ही थ्या गाड्या वर्कशॉपात वढून आणाचो. दुरुस्त करून परत लढाईवर द्याच्या. पण पयले आतलं साफ कराचं. थे काम फिटरचं होतं. एक पोट्टा होता, तुह्याएवढा. त्याचे दोनी हात झाकणाले चिकटेल होते."

मी खाली बसलो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. एवढं पोटात घेऊन हा माणूस चार वर्षं माझ्याकडून नुसते गोल काढून घेत होता. आधी सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणालो असतो? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सांगून काय होते? तू रडत बसला असता. रेघ हालली असती."

त्यानंतर मी कुरकुर थांबवली असं नाही. पण अंतर एकदाचं जमलं. धुराही ओलांडला गेला आणि दरवाजातून मी पाचात बाहेर पडलो. मालकांनी आनंदाने मला पाठीवर असा धपाटा घातला की मी पुन्हा आत गेलो.

एकच पथ्य होतं. सहाही चाकं एकमेकांना बांधलेली असल्यामुळे सगळ्या टायरांचा घेर अगदी सारखा पाहिजे. एक जोडी मोठी असेल तर एका फेऱ्यात ती जास्त पुढे जाऊ बघते, लहान जोड्या तिला मागे ओढतात आणि ते सगळं भांडण त्यांना बांधणाऱ्या मधल्या दांड्यावर येतं. चिखलात चाकं घसरतात, भांडण मिटतं. डांबराच्या रस्त्यावर चाक घसरत नाही, दांडा मोडतो. म्हणून दर रविवारी मालक सहाही टायर सुतळीने मोजत. अर्ध्या बोटाचा फरक पडला तर वहाणेच्या ठोकरीने टायर बदडायचे. हे पथ्य त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की ते मी परीक्षेत उतारांच्या प्रश्नाखाली लिहून आलो.

चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी एक मेजरसाहेब सैन्यभरतीसाठी अमरावतीत येऊन राहिले. मालक रोज मैदानावर हजर. रांगेतल्या पोरांना म्हणायचे, "गाडीत बसवलं तं पयले दरवाजा पाहून घे." शेवटी हवालदाराने त्यांना मेजरपुढे उभं केलं. मेजर शांत माणूस, स्वतः चिलखती गाड्यांच्या पलटणीतला. त्याने माझा नकाशा नीट पाहिला, ठेवून घेतला, वेळ मिळाला तर येईन म्हणाला, आणि अर्थातच आला नाही. मालक आठ दिवस रस्त्याकडे डोळे लावून होते. पुढे बोलणंच बंद केलं. मला पहिल्यांदा त्यांची कीव आली.

त्याच सुमारास राखीला काकूंचा अकोल्याचा भाऊ आला. त्याच्या दोन ट्रका होत्या. ओवाळणीत काय हवं असं त्याने विचारलं, आणि काकूंनी लुगडं मागायच्या ऐवजी दोन टायर मागितले. नवे कोरे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदेमळणीला, त्या टायर बैलगाडीवर घालून शेडवर आल्या.

आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. मालक दरवर्षी हे गाडीचं करायचे. वंगणाचा डबा घेऊन सहाही चाकांच्या कण्याला हात फिरवायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या बैलांबरोबर तीही गावच्या तोरणाखाली न्यायचे. मी हे पाहून कपाळाला हात लावायचो. त्या दिवशी काकू पुढे आल्या. म्हणाल्या, "पोळ्याले सगळे आपल्या बैलाले काई ना काई नवं घालतात. तुमचा बैल चार-पाच वर्सापासून जुन्याच झुलीवर हाय. पुढच्या जोडीले हे घाला."

मालकांनी सुतळी काढली नाही. मी काढली. नवा टायर जुन्यांपेक्षा चांगला चार बोटं मोठा होता. मी तोंड उघडणार तोच मालक म्हणाले, "लय चांगले हायेत." काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीला हात लावला. हात लावून तो डोळ्यांना लावला. मालक एवढे बावचळले की पाना शोधायला शेडभर फिरले आणि पाना हातातच होता.

मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या शेडपासून गावाच्या तोरणापर्यंत तं जाचं हाय. चिखलच चिखल. काई होत नाई. परवा काढून ठेवू." हे ठीक होतं.

पोळ्याच्या सकाळी वावराच्या कडेला बैल जमत होते, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. काकू आरतीचं ताट घेऊन नव्या टायरांना कुंकू लावत होत्या. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. मेजर. बदलीचा हुकूम आला होता, बडनेऱ्याला गाडी पकडायची होती, आणि वाटेत त्याला मालक आठवले. "पौन घंटा है मेरे पास. कहाँ है आपका टैंक?"

"टँक नहीं साहब. टँक को पट्टे रहते," मालक म्हणाले.

वावरात गुडघाभर चिखल. मेजरने आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सड़क पर लाओ."

मी मालकांच्या कानाशी गेलो. "मालक, साहेबांना चहा पाजा. पंधरा मिनिटांत मी जुनी जोडी चढवतो. जुने टायर तिथे शेडमध्येच आहेत. रस्त्यावर हे टायर चालणार नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

"मले माहीत हाय."

"मग?"

त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या नव्या टायरापाशी ओणव्या होत्या आणि कुंकवाच्या बोटाने त्यावर स्वस्तिक काढत होत्या, चाकाच्या गोलात नीट बसावं म्हणून जीभ बाहेर काढून. अख्खं गाव बघत होतं.

"राहू दे," मालक म्हणाले.

मी खरंच त्यांना हाताला धरून ओढलं. म्हटलं, "वेड लागलंय का? तुमच्या जन्माचं काम आहे. पुन्हा कोण येणार आहे बघायला?" ते नुसते माझा हात सोडवून आत जाऊन बसले. मेजर त्यांच्यामागे, दरवाजापाशी.

चिखलातून गाडी अशी आली की बैलवाल्यांनीसुद्धा आरोळी ठोकली. धुरा ओलांडला, पोट टेकलं नाही. मेजरचा चेहरा मला मधल्या दरवाजातून दिसला. तो हसत होता. मग ती डांबरावर चढली. पन्नास पावलं गेली असेल नसेल, आतून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. मालकांनी वळवायला घेतलं आणि खालून बार उडावा तसा आवाज झाला. गाडी जागच्या जागी उभी.

"उतरो!" मालक ओरडले. मेजर बाहेर पडला आणि मालकांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. चार.

"साहब, आप कैसे उतरे?"

"दरवाज़े से. और कैसे?" मेजर कपडे झटकत म्हणाला.

"वही तो," मालक म्हणाले. पण मेजर वाकून खाली बघत होता. मोडलेला दांडा त्याने पाहिला. "अच्छी भली चल रही थी. टूटा क्यों?"

काकू ताट घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. पुढचे टायर वेगळ्या घेराचे आहेत, एवढं एक वाक्य पुरे होतं. मेजर त्यातला माणूस होता. त्याने एका क्षणात समजून घेतलं असतं, नकाशा सोबत नेला असता, दुसरं कुणी पाठवलं असतं. मी तोंड उघडलं. मालकांनी आपला पाय माझ्या पायावर ठेवला आणि सगळा भार दिला.

"मेरा हिसाब ग़लत था," ते म्हणाले.

पाच वर्षांत ह्या माणसाने स्वतःची चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. मेजरने घड्याळ पाहिलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कोशिश अच्छी थी म्हणाला आणि गेला. जीपमध्ये बसताना त्याने नकाशाची गुंडाळी मला परत दिली.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यामुळे गावातल्या माणसांनीच ढकलून गाडी रस्त्याच्या कडेला लावली. दुपारी आम्ही शेडमध्येच जेवायला बसलो. मालक हात धुवायला विहिरीवर गेले होते. काकूंनी माझ्या ताटात पुरणपोळी टाकली आणि दुसरी हातात धरून तशाच थांबल्या. "खरं सांग बाबू. माह्या टायरानं तं नाई ना झालं?"

मी त्या माणसावर इतका चिडलो होतो की माझे कान तापले होते. स्वतः खोटं बोलून मोकळा झाला, आणि आता मला.

"नाही काकू," मी म्हटलं. "नकाशात चूक होती. माझ्याच हातून झाली. मालकांनी मला सांभाळून घेतलं."

काकूंनी डोळे मिटले. मग उघडले आणि मला जे काही सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. इतकी वर्षं खपून माझ्या नवऱ्याने गाडी उभी केली आणि तू एका रेघेने मोडलीस, असा त्याचा सारांश. मालक हात पुसत दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

"जाऊ दे," ते काकूंना म्हणाले. "चुकते माणूस. लहान हाय थो."

माझ्या शेजारी येऊन बसले. काकूंच्या हातातली पोळी घेऊन त्यांनी स्वतः माझ्या ताटात वाढली आणि वर तूप सोडलं, नको नको म्हणेपर्यंत. तूप ताटाबाहेर गेलं. आणि मी, ज्याने तो सगळा हिशेब बरोबर मांडला होता, मान खाली घालून त्यांनी दिलेली माफी जेवलो.